उन्हाळ्यात मागे राहणारे सकपाळसाहेब

शाळांना सुट्टी लागली की आमच्या अल् खुवैरच्या बिल्डिंगमध्ये दोन ठिकाणी गर्दी व्हायची. एक लिफ्टमध्ये, सुटकेसांची. दुसरी तिसऱ्या मजल्यावर सकपाळसाहेबांच्या दाराशी, किल्ल्या द्यायला आलेल्यांची. मस्कतमधला माणूस उन्हाळ्यात भारतात गेला की त्याची गाडी महिना-दीड महिना पार्किंगमध्ये भाजत उभी राहते आणि परत येऊन बघावं तर बॅटरी मेलेली. म्हणून निघण्याआधी कुणातरी भरवशाच्या माणसाकडे किल्ली द्यायची आणि “आठवड्यातून एकदा सुरू करून ठेवा हं” म्हणायचं, अशी इथली रीत आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये, आणि खरं सांगायचं तर आजूबाजूच्या गल्ल्यांमध्येही, तो भरवशाचा माणूस एकच होता.

साहेब मूळचे खेडकडचे. रुसैलच्या एका कारखान्यात मेंटेनन्सचे मुख्य इंजिनिअर. उंची बेताची, मिशी भरघोस, शर्ट कायम इस्त्रीचा आणि पँटच्या मागच्या खिशात घडी केलेलं एक पांढरं फडकं. वर्षाची रजा ते एप्रिलमध्ये घ्यायचे. जयंतीला गावात असायचंच, हा त्यांचा नियम. विहाराला रंग काढण्यापासून मिरवणुकीचा जनरेटर बंद पडला तर तो सुरू करण्यापर्यंत सगळ्यात साहेब पुढे. रजा अशी एप्रिलात संपून गेली की अख्खा उन्हाळा मस्कतमध्येच. सगळे जायचे तेव्हा ते असायचे, म्हणून सगळ्यांच्या किल्ल्या त्यांच्याकडे.

आम्ही नवीन होतो त्या वर्षी नितीनने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, भीत भीत किल्ली पुढे केली. साहेबांनी ती हातात घेऊन विचारलं, “गाडीला काही सवयी आहेत का?”

नितीनला प्रश्नच कळला नाही.

“म्हणजे सकाळी सुरू होताना कुरकुरते का? एसी उशिरा थंड होतो का? आपलं पोर शेजारी ठेवताना सांगतो ना आपण, हा झोपेत लाथा मारतो म्हणून. तसं.”

नितीन आमच्या गाडीच्या सवयी आठवत तिथेच सोफ्यावर बसला आणि घरी माझी एकटीची बांधाबांध चालू राहिली. मला त्या माणसाचा थोडा रागच आला होता.

तो राग परत आलो त्या दिवशी गेला. विमानतळाबाहेर आलो तर समोर आमचीच गाडी उभी. पुसलेली, आतून थंडगार, मागच्या सीटवर पाण्याच्या बाटल्या आणि खुब्जचं, म्हणजे इथल्या रोट्यांचं, पाकीट. साहेब उतरले, नितीनला ड्रायव्हरची जागा दिली आणि स्वतः शेजारी बसले. प्रवासातून आलेला माणूस आपल्याच गाडीतून, आपल्याच हाताने चालवत घरी गेला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. टॅक्सीतून घरी गेलं की पाहुण्यासारखं वाटतं म्हणे. मला तोपर्यंत मस्कत परकंच वाटत होतं. त्या दिवशी पहिल्यांदा, अझैबाच्या पुलावरून जाताना, आपण घरी चाललोय असं वाटलं.

त्यांचा शुक्रवार, म्हणजे इथला सुट्टीचा दिवस, मी पुढे कितीतरी वर्षं बाल्कनीतून बघितला. सकाळचं ऊन तापायच्या आत साहेब खाली उतरायचे. गाडीचं दार उघडायचं, फडक्याने स्टिअरिंग पुसायचं, अर्धवट आत बसायचं, म्हणजे एक पाय आत आणि एक पाय बाहेर, आणि किल्ली फिरवायची. मग डोळे मिटून ऐकत बसायचं. रेडिओ नाही, फोन नाही. नुसतं इंजिन ऐकायचं. आमच्या गाडीचा एक पट्टा जाणार हे त्यांनी असंच ऐकून सांगितलं होतं, आणि तो गेलाही. मात्र गाडी ते चालवायचे नाहीत. दुसऱ्याच्या गाडीचा काटा आपल्यामुळे एका किलोमीटरनेही पुढे सरकता कामा नये, हे त्यांचं तत्त्व. विमानतळावर घ्यायला यायचे तेवढाच अपवाद, आणि तोही गाडीत बसल्या बसल्या मालकाला सांगायचे, “घरापासून इथपर्यंत माझं रनिंग झालंय बरं का.” जसं काही कुणी हिशेब मागणार होतं.

ह्या सगळ्यात एकच माणूस नाराज असायचा, त्यांची बायको. वैशालीवहिनी तशा हसऱ्या, पण उन्हाळा आला की त्यांचं एक दुखणं वर यायचं. जून ते सप्टेंबर तिकडे दक्षिणेला सलालात धुकं उतरतं आणि डोंगर हिरवे होतात. बाकी ओमान भट्टीत असतो तेव्हा तेवढाच एक तुकडा गार. ह्या हंगामाला इथे खरीफ म्हणतात आणि तो बघायला दुबई-कतारहून लोक गाड्या काढून येतात. वहिनी लग्न होऊन ओमानमध्ये आल्या तेव्हा साहेबांनी त्यांना पहिलं वचन दिलं होतं ते सलालाचं. आणि दर उन्हाळ्याला साहेबांकडे दुसऱ्यांच्या गाड्या.

“अगं, मला काय फार नको,” वहिनी मला म्हणायच्या. “धुक्यात उभं राहून एक कप चहा प्यायचाय. पदर ओला होईपर्यंत. मग हे नेतील तिकडे जाईन.”

“पुढच्या वर्षी नक्की,” साहेब आतून म्हणायचे.

“ऐकलंस? हे दरवर्षी म्हणतात. ह्यांचं पुढचं वर्ष हिवाळ्यात येतं.”

विमानाने दोन दिवस जाऊन या, असं मीच एकदा सुचवलं. वहिनींनी मान हलवली. वाळवंट ओलांडून जायचं होतं त्यांना. सगळं पिवळं पिवळं बघत गेल्यावर एकदम हिरवं दिसतं ते बघायचं होतं. आणि त्या प्रवासाला साहेबांना रजाही नसायची आणि सवडही नसायची.

साहेबांची दुसरी निष्ठा एका मोटार कंपनीवर होती. कंपनीचं नाव घेत नाही. मस्कतच्या कुठल्याही सिग्नलला थांबलात तर तिचा बिल्ला आसपास दिसेलच. साहेब तिला ‘आपली कंपनी’ म्हणायचे. ओमानमध्ये आल्यापासून त्यांनी दुसरी गाडी घेतली नव्हती आणि ओळखीच्यांनाही घेऊ दिली नव्हती. जगात इतर कंपन्या बॅटरीवरच्या गाड्यांच्या गोष्टी करायला लागल्या तेव्हा साहेब शांत होते. “आपली कंपनी उगाच घाई करत नाही. बाकीच्यांना नाचू दे.”

आणि मग आपल्या कंपनीनेही पाऊल उचललं. आधी हायब्रिड आणली, मागोमाग पूर्ण इलेक्ट्रिक येणार म्हणून शोरूमवर हा मोठा बोर्ड लावला. साहेबांचं तोंड त्या आठवड्यात घरचं कुणीतरी न सांगता परगावी निघून गेल्यासारखं झालं होतं.

आमच्यात हायब्रिड पहिल्यांदा घेतली ती नासीरभाई परकारांनी. नासीरभाई दाभोळकडचे, पाइप आणि नळांचे व्यापारी, राहायला अझैबाला. साहेबांचे जिवलग मित्र आणि जन्माचे चेष्टेकरी. ते साहेबांना जय भीम घालायचे आणि साहेब त्यांना वालेकुम सलाम म्हणायचे, हा त्यांचा ठरलेला विनोद. आम्हा मराठी मंडळींच्या शुक्रवारच्या चहाला नासीरभाई नवी गाडी घेऊन थेट पार्किंगमध्ये आले.

“साहेब, जय भीम! ही बघा. इंजिन पन हाय, बॅटरी पन हाय. कवा काय चालतंय, मला विचारू नका. मला बी कळत नाय.”

“वालेकुम सलाम. सुरू आहे का बंद?” साहेबांनी बॉनेटवर हात ठेवून विचारलं.

“चालू हाय.”

“मग आवाज कुठाय?”

“तोच तर पैसा दिलाय, साहेब. आवाज न होन्याचा.”

सगळे हसले. साहेब हसले नाहीत. त्यांनी बॉनेटला कान लावला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. तेव्हापासून आमच्या शुक्रवारच्या चहाला दुसरा विषयच राहिला नाही. इथे पेट्रोल मिळतंय तोवर ही नसती उठाठेव कशाला, असं एक म्हणायचा. बॅटरी ह्या उन्हात टिकणार का, असं दुसरा. विकताना कोण घेईल ही तिसऱ्याची काळजी. नितीनला तर इलेक्ट्रिकच हवी होती, पण पार्किंगमध्ये प्लग कुठे, ह्यावर येऊन तो दर वेळी अडायचा. गाडी बदलणं इथल्या माणसाला साधं नसतं. घर भाड्याचं, व्हिसा नोकरीचा, स्वतःची म्हणावी अशी वस्तू ती एक गाडीच. त्यामुळे कंपनीने रस्ता बदलला की काळजी मालकांना लागते.

त्या उन्हाळ्यात नासीरभाई गावी गेले आणि हायब्रिडची किल्ली साहेबांकडे आली. येताना ते अम्मीला, म्हणजे आपल्या आईला, पहिल्यांदाच ओमानला घेऊन येणार होते. साहेबांनी त्या गाडीची तर जास्तच काळजी घेतली. दर शुक्रवारी फडकं फिरवलं, अर्धवट आत बसले, एक पाय बाहेर ठेवला आणि बटण दाबलं. समोरचा पडदा उजळला, पंख्याची हवा आली. इंजिनाचा आवाज आला नाही, पण नासीरभाईंनी तर सांगितलंच होतं, आवाज नसतो. साहेब डोळे मिटून त्या शांततेत बसून राहिले आणि वेळ झाल्यावर बंद करून वर आले.

“एसी जरा मवाळ आहे तिचा,” ते मला म्हणाले होते. “पण गाडी गुणी आहे.”

अशी गाडी सुरू करताना ब्रेकवर पाय लागतो. ब्रेक न दाबता बटण दाबलं तर नुसते दिवे आणि पंखा लागतो, गाडी काही सुरू होत नाही. आणि साहेबांचा एक पाय बाहेर, दुसरा नुसताच आत टेकलेला. म्हणजे इतके शुक्रवार ते त्या गाडीची छोटी बॅटरी भरत नव्हते, पीत होते. ज्यांच्या हातून आजवर एक गाडी मेली नव्हती त्यांनीच नासीरभाईंची गाडी मारली, आणि तीही मोठ्या प्रेमाने.

हे उघडकीला आलं ते नेमकं विमान उतरायच्या दुपारी. साहेब तासभर आधी खाली गेले तर दारच उघडेना. रिमोटच्या पोटातल्या छुप्या किल्लीने उघडलं तर आत सगळा अंधार. विमानतळावर अम्मी, सामान आणि ते ऑगस्टमधलं ऊन. साहेबांनी स्वतःची गाडी काढेपर्यंत नासीरभाई वाट बघून कंटाळले आणि टॅक्सी करून अझैबाला गेले.

संध्याकाळी साहेब त्यांच्या घरी गेले. मी आणि वहिनी सोबत होतो. साहेब अम्मींच्या समोर खाली सतरंजीवर बसले आणि म्हणाले, “अम्मी, तुम्हाला न्यायला मी यायला पाहिजे होतं. चूक माझी झाली.”

अम्मींना काहीच कळेना. “अरे बाबा, तो टॅक्सीवाला लय भला मानूस व्हता. माझी बॅग उचलून वर दिली त्यानं. तू का रडतंस?”

साहेब रडत नव्हते, पण फार लांब नव्हते. नासीरभाईंनी पाठीवर थाप मारून “खलास, साहेब, विषय खलास” म्हटलं आणि चहा मागवला. विषय मात्र खलास झाला नाही. मस्कत मोठं असलं तरी मराठी मस्कत लहान आहे. पुढच्या शुक्रवारी लोक साहेबांशी जरा जास्तच गोड बोलले, आणि ते त्यांना बरोबर कळलं.

दुसरा कुणी असता तर त्याने नव्या गाड्यांच्या नावाने खडे फोडले असते. साहेबांनी नासीरभाईंकडून गाडीचं जाडजूड माहितीपुस्तक आणलं आणि ते पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. सीटबेल्ट कसा लावावा हेसुद्धा वाचलं. मग दर शनिवारी शोरूममध्ये जायला लागले. तिथे हमद नावाचा एक ओमानी तरुण विक्रीला होता. त्याला साहेबांनी पहिल्याच दिवशी विचारलं, ही इलेक्ट्रिक ऑगस्टमध्ये उन्हात दीड महिना उभी ठेवली तर तिला काय होईल?

“सर, आप क्यों टेन्शन लेता? गाडी खुद संभालता,” हमद म्हणाला.

“मला तसं लिहून दे,” साहेब त्याला हिंदीतून म्हणाले.

पुढच्या शनिवारपासून साहेब दारातून शिरताना दिसले की हमद खांबाच्या आड व्हायचा, हे मला नितीनने सांगितलं. तो एकदा त्यांच्यासोबत गेला होता. पण साहेब चिवट. उत्तर मिळेपर्यंत ते तिथली कॉफी पीत आणि खजूर खात बसून राहायचे. शेवटी हमद कंटाळून त्यांना सर्व्हिसच्या मोठ्या साहेबाकडे घेऊन गेला आणि तिथे दोन इंजिनिअरांचं असं जमलं की हमदलाच खुर्ची मिळेना. सावलीत ठेवा, पूर्ण भरून ठेवू नका, निम्म्यावर ठेवा, अमुक ठिकाणी तमुक आकडा बघा, असं सगळं साहेब समजून घेऊन आले.

काही महिन्यांनी उलटंच घडायला लागलं. हमदच साहेबांना फोन करायचा. “सर, इंडियन कस्टमर आया है. आप समझाओ.” आणि साहेब रुसैलहून घरी येताना गाडी बाजूला लावून कुठल्यातरी अनोळखी माणसाला अर्धा अर्धा तास समजावायचे. त्यात हमदचा फायदा दर वेळी व्हायचाच असं नाही. “तुमचं रोजचं जाणं-येणं ठरलेलं आहे, घरी प्लग आहे? मग डोळे मिटून घ्या. तुम्ही दर आठवड्याला वाळवंटात साइटवर जाता? मग हायब्रिड घ्या. प्लग नाही आणि बिल्डिंगचा मालक ऐकत नाही? मग सध्या आहे तीच चालवा, इन्शाल्ला पुढे बघू.” ज्या कंपनीवर ते रुसले होते तिच्याबद्दल आता पुन्हा ‘आपली कंपनी’ म्हणायला लागले होते. आमच्या बिल्डिंगच्या मालकाला, त्या म्हाताऱ्या अर्बाबाला, पार्किंगमध्ये चार्जर लावायला राजी केलं तेही साहेबांनीच. त्याला त्यांनी काय सांगितलं कोण जाणे, पण उद्घाटनाला अर्बाब स्वतः हलवा घेऊन आला.

नितीनने मग इलेक्ट्रिक घेतली. पहिल्या दिवशी साहेबांना शेजारी बसवून चक्कर मारली. समुद्रालगतच्या रस्त्यावर साहेबांनी काच खाली केली आणि डोळे मिटून ऐकत राहिले. परत आल्यावर खाली उतरून गाडीच्या छतावर हात ठेवला.

“चांगली गाडी आहे, ताई,” ते मला म्हणाले. “खरंच चांगली. हिला माझी गरज नाही.”

मी काहीतरी समजुतीचं बोलले. ते बोलणं पोकळ होतं, कारण त्यांचं म्हणणं खरं होतं. आता लोक सुट्टीवर जाताना गाडी निम्मी भरून, सावलीत लावून निघून जायचे आणि गावी बसून फोनवर तिची तब्येत बघायचे. जूनमधली त्यांच्या दारातली गर्दी हळूहळू आटली. ह्या गाड्या लोकांना पटवून देताना आपण आपलीच जागा रिकामी करतोय हे साहेबांना ठाऊक होतं. कुणालाही त्यांनी त्यासाठी चुकीचा सल्ला दिला नाही. त्यांच्याबद्दल मला सर्वांत जास्त आदर कशाचा वाटत असेल तर ह्याचा.

आणि मग त्यांच्या निवृत्तीचं पत्र आलं. वयाची साठी झाली होती, सप्टेंबरअखेर व्हिसा संपणार होता. वहिनींनी भांडी आवरायला काढली. एका दुपारी मी मदतीला गेले तर स्टीलचे डबे कागदात गुंडाळता गुंडाळता म्हणाल्या, “आता राहिलंच ते सलाला. असू दे. टीव्हीवर बघितलंय.”

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. तेच मला सहन झालं नाही. मी संध्याकाळी साहेबांना खालीच गाठलं आणि म्हटलं, साहेब, हे शेवटचं वर्ष आहे, आता रजाही मिळेल, तुम्ही वहिनींना घेऊन जा. त्यांनी नेहमीप्रमाणे फडक्याने हात पुसले. अजून पाच-सहा पेट्रोल गाड्यांच्या किल्ल्या त्यांच्याकडे होत्याच. स्वतःची गाडी त्यांनी नुकतीच विकून टाकली होती. “आता कशाने जाणार, ताई? आणि ह्या लोकांना मी शब्द दिलाय.”

हे मी नासीरभाईंना फोनवर सांगितलं. ते “हां, हां” एवढंच म्हणाले.

त्यानंतरच्या शुक्रवारी नासीरभाई आले. हायब्रिड विकून त्यांनीही आता आपल्या कंपनीची इलेक्ट्रिक घेतली होती. गावी निघाले होते. सगळ्यांच्या देखत त्यांनी किल्ली साहेबांच्या हातावर ठेवली.

साहेब दचकले. “नासीरभाई, हिला काही करावं लागत नाही. निम्मी भरा आणि लावून जा.”

“ते बाकीच्यांना. ह्या मॉडेलला कंपनीनं सांगितलंय, उभी ठेवायची नाय. पल्ल्याला न्यायची. एका दमात हजारभर किलोमीटर पळवायची, मग बॅटरी बसते नीट. नायतर फुगते.”

“कोणी सांगितलं?”

“हमदनं.”

“हमदने?”

“हां. म्हनला, सलालाचा रस्ता बरा. वाटेत आदमला, हैमाला चार्जर पन लागले हायत. मी चाललो गावाला, मला कुठं टाइम? तुमी जा. वैनींना घेऊन जा, एकट्यानं वाळवंटातनं जायचं नाय.” आणि निघता निघता मागे वळून म्हणाले, “ही माझी गाडी हाय, साहेब. माझी अम्मी बसते हिच्यात. बिघडली तर जबाबदार तुमी.”

नासीरभाई गेले. साहेब त्या किल्लीकडे बघत उभे होते.

“ताई,” ते हळूच म्हणाले, “मी हिचं पुस्तक अख्खं वाचलंय. असं त्यात काहीही नाही.”

“मग?”

त्यांनी किल्ली फडक्यात गुंडाळून खिशात ठेवली. “मालकाने सांगितलंय,” म्हणाले. “मालकाने सांगितलं की करावं लागतं.” त्यांचे डोळे भरले होते आणि ह्या वेळी ते त्यांनी लपवले नाहीत. ज्या माणसाची गाडी त्यांनी मारली होती, त्यानेच नवी गाडी आणि आईच्या बसण्याची जागा त्यांच्या हातात दिली होती.

राहिलेल्या किल्ल्या तेवढ्या आठवड्यासाठी मी मागून घेतल्या. साहेबांनी मला प्रत्येक गाडीजवळ नेऊन तिच्या सवयी सांगितल्या. आमची सुट्टी त्या वर्षी सप्टेंबरात होती, नणंदेच्या लग्नासाठी, आणि ते सलालाहून परतायच्या आदल्याच दिवशी आम्ही निघणार होतो. आम्ही परत येईपर्यंत साहेब आणि वहिनी ओमान सोडून गेले असणार होते. त्यामुळे मी त्यांना दोघांना एकत्र शेवटचं पाहिलं ते त्या सकाळी.

सूर्य नुकता वर आला होता. वहिनींनी नवी साडी नेसली होती, मोरपंखी. मांडीवर थर्मास, पायाशी डब्यांची पिशवी, जणू गाडी नव्हे एसटीच पकडायची आहे. साहेबांनी टायर बघितले, चार्ज बघितला, हैमाच्या चार्जरचा पर्याय तिसऱ्यांदा मला ऐकवला आणि शेवटी आत बसले. दोन्ही पाय आत घेऊन, ब्रेकवर नीट पाय ठेवून.

“सुरू करा की आता,” वहिनी म्हणाल्या.

“सुरूच आहे.”

“चला, उगाच.”

एवढ्यात साहेबांचा फोन वाजला. मागच्या गल्लीतला कुणीतरी होता. त्याची गाडी सुरू होत नव्हती, ऑफिसला उशीर होत होता, साहेब जरा येऊन जातात का? पलीकडचा इतका मोठ्याने बोलत होता की मला बाहेर उभं राहून ऐकू येत होतं. वहिनींनी थर्मास घट्ट धरला आणि समोरच्या भिंतीकडे बघायला लागल्या. त्यांना ठाऊक होतं पुढे काय होणार. मलाही ठाऊक होतं. साहेबांचा हात दाराच्या कडीकडे गेलासुद्धा.

मग तो हात थांबला.

“मला जमणार नाही,” साहेब म्हणाले. “आठवडाभर नाही मी. सलालाला चाललोय. मिसेसना घेऊन.”

पलीकडचा आवाज एकदम खाली आला. मग काहीतरी विचारलं गेलं.

“हो, हो. सकपाळच बोलतोय.”

पलीकडून पुन्हा काहीतरी.

“अहो, मीच! माझाच नंबर आहे हा!”

वहिनींनी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला, आपल्या पर्समध्ये टाकला आणि पर्सची चेन ओढली. आणि त्यांना हसू फुटलं. इतक्या वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं, अगदी कॉलेजच्या मुलीसारखं, श्वास लागेपर्यंत. साहेब लाजले, मग तेही हसायला लागले, आणि काचा खाली असलेली ती गाडी जागची हलली. तिचा काहीच आवाज नव्हता, त्यामुळे फाटकातून बाहेर वळेपर्यंत वहिनींचं हसणं मला ऐकू येत होतं.